कंकू लागलेली फ्लॉपी

फ्लॉप्यांचा संच बांधणं म्हणजे नुसत्या फायली कॉपी करणं, असं आमच्या किरीटभाईंचं ठाम मत. कीबोर्डला बोट न लावणाऱ्या मालकाची मतं ठामच असतात. रिंग रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात डाईंगवाल्यांसाठी रंगांच्या मापांचं सॉफ्टवेअर बनायचं, आणि त्याचा संच बांधायचो मी. एकूण पाच फ्लॉप्या. गिऱ्हाइकाच्या मशीनवर एखादी फाइल आधीच नवी असेल तर आपली जुनी तिच्यावर चढवायची नाही, डिस्कवर जागा नसेल तर सुरुवातीलाच सांगायचं, हे सगळं मी सॉफ्टवेअर बसवणाऱ्या सेटअपला शिकवलं होतं. तीन वेगवेगळ्या मशीनवर चालवून बघितल्याशिवाय मी खोक्याला चिकटपट्टी लावत नसे.

शहाण्णव साली किरीटभाई म्हणाले, "धम्मरत्न, पलसाणाचं काम नीट बसव. तुला कायम करतो." तीन वर्षं मी टेम्पररी होतो. आईला सांगितलं, तर आमच्या या अंजनाबाईंनी ती बातमी सांगत डिंडोलीतली आमची अख्खी गल्ली पालथी घातली.

मधे दसरा आला. आमच्याकडे तो धम्मदीक्षेचा दिवस. पांढरे कपडे घालून विहारात जायचं. मी खोकं बंद केलं, रजा घेतली.

दुसऱ्या दिवशी किरीटभाईंबरोबर पलसाण्याच्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, संच बसवायला गेलो, तर तिसरी फ्लॉपी करकरली आणि सेटअप अडकलं. मी फ्लॉपी काढून पत्र्याची झडप सरकवली. आत लाल भुकटी! माझ्या माघारी किरीटभाईंनी खोकं फोडून फ्लॉप्या दसऱ्याच्या पूजेत मांडल्या होत्या.

"कालच टिळा केला मी," किरीटभाई कारखान्याच्या शेठला म्हणाले. "पण हा दशेराला रजेवर. मग असंच होणार ने."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ती झडप उघडून शेठसमोर धरली. "शेठ, हे कंकू आत गेलंय. त्यानंच बिघडलं."

शेठनं भुकटी बोटावर घेतली आणि कपाळाला लावली. "माताजीनुं कंकू छे. कंकूथी ते कंई बगडे?"

मी स्पिरिटनं ड्राइव्हचं हेड पुसलं आणि पिशवीतून दुसरा संच काढला. तो मी नेहमीच जास्तीचा करून घरी ठेवायचो आणि बसवायला जाताना बरोबर न्यायचो. पाचही फ्लॉप्या सुरळीत चालल्या.

"माताजीची दया," किरीटभाई हात जोडून म्हणाले. कायम करण्याचं नाव काढलं तर, "आवते दशेरा," म्हणजे पुढच्या दसऱ्याला, एवढंच.

पुढच्या दसऱ्याला मी पूजेसाठी पाच कोऱ्या फ्लॉप्या लेबलं लावून ठेवल्या, खरा संच कपाटात कुलूपबंद केला आणि विहारात गेलो. परत आलो तर ऑफिसात पेढे वाटणं चालू होतं. दोन महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या सागरला किरीटभाईंनी कायम केलं होतं. त्याला अजून संच बांधता येत नव्हता.

"का?" मी विचारलं.

"पूजाला हाजर होता," किरीटभाई म्हणाले, आणि त्याला संच बांधायला शिकव म्हणून मलाच सांगितलं.