सोनूबाईंची जागा

शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर सोनूबाईंनी दिलं. तपासणी अहवालात तसं काही घडलेलं नाही, त्यामुळे आपणही ते घडलं नाही असं धरून पुढे जाऊ.

वाटूरच्या अलीकडच्या आमच्या शाळेत सोनूबाई चौदा वर्षं खिचडी शिजवतात. पत्र्याचं शेड माझ्या सातवीच्या खिडकीला चिकटून आहे. मी सेमी-इंग्लिशचं विज्ञान शिकवतो. फोडणीचा ठसका वर्गात येतो, विज्ञान पातेल्यात जातं.

त्या दिवशी साहेबांसोबत शाळेचा नकाशा आला. नकाशात शेड नव्हतं. साहेबांनी शेडातच उभं राहून, ठसकत, शेड नसल्याची खात्री केली. शेड नाही म्हणजे स्वयंपाक होत नाही. तेव्हा पुढच्या महिन्यापासून परतूरहून टेम्पोने डबे येतील आणि बाईंची गरज उरणार नाही, असं त्यांनी मला समजावलं. खिचडी करपू नये म्हणून सोनूबाई हे पाठमोऱ्या ऐकत होत्या.

मग साहेब वर्गात आले आणि विचारलं, मॅटर म्हणजे काय? काल सगळ्यांना येत होतं. पहिल्या बाकावरच्या शीतलने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. खिडकीतून आधी पळी आत आली, मागून सोनूबाईंचं डोकं.

"एनीथिंग दॅट हॅज मास अँड ऑक्युपाइज स्पेस. जे जागा व्यापतं अन् ज्याला वजन असतं, ते समदं मॅटर, सायेब."

साहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "उदाहरण?"

"पातेलं मॅटर. वाफबी मॅटर, हाती लागत न्हाई तरी. राग मॅटर न्हाई. तुमचा कागद मॅटर हाये, पर त्याच्यावरची शाळा न्हाई. अन् मी इथं चौदा वर्षं जागा व्यापून राह्यले. मंग मी कशी न्हाई?"

वर्गाने बाकं बडवली. टेबल मी बडवलं. साहेबांनी अहवालात 'विद्यार्थ्यांना व्याख्या येते' असं लिहिलं आणि निघाले.

सोनूबाईंच्या अंगात वारं शिरलं होतं. "जल्दी अर्ज लिवा सर, ते फाट्यावर चहा पिऊन राह्यलेत." लगेच त्या तांदळाच्या काट्यावर चढल्या. अख्खी सातवी आकडा ओरडली. चुलीपुढची जागा पोरींनी टेपने मोजली. मी वय विचारलं.

"व्याख्येत वय न्हाई," त्या म्हणाल्या, आणि पातेली घासायला बसल्या.

मी लिहिलं:

'अर्जदार सोनूबाई रामकिसन, वजन बासष्ट किलो, व्यापलेली जागा चार बाय तीन फूट, मॅटरच्या व्याख्येच्या दोन्ही अटी पूर्ण करतात. तरी त्यांची शाळेच्या नकाशात मॅटर म्हणून नोंद घ्यावी, आणि नोंद होईपर्यंत सदर टेम्पोने अन्यत्र जागा व्यापावी, ही नम्र विनंती.'