कोरा दगड

मी दुसरीत शाळा सोडली, पण घरात शब्द माझाच चालतो. दगडखाण आमची. थोरला लेक सुरुंग उडवतो, धाकटा ड्रिल चालवायचा. सुरुंग उडाले की थोरल्यानं सुरुंगांच्या रांगा तपासायच्या आणि रांगेत किती उडायचे राहिले तो आकडा खडूनं त्या रांगेच्या दगडावर लिहायचा. एकही राहिला नसला, तर हा पठ्ठ्या काहीच लिहायचा नाही.

"शून्य काढायला काय मरण येतं का रे?"

"जे नाहीच ते काय लिहायचं, आई? जेवण नसलं तर ताट मांडतेस का?"

"मांडते. रिकामं ताट दिसल्याशिवाय वाढणारीला कळणार कसं?"

"कोरा दगड म्हणजे शून्यच," म्हणाला आणि दात काढले.

त्या दिवशी चहा आला म्हणून तिसऱ्या रांगेपासून पुढचं तपासणं त्यानं सोडून दिलं. धाकट्यानं तिसरीचा कोरा दगड पाहिला आणि ड्रिल लावलं.

आत राहिलेला सुरुंग फुटला आणि माझ्या लेकराचा उजवा हात कोपरापासून उडाला. जीव तेवढा राहिला. दोन बोटं खडीत सापडली, ती मीच वेचली.

धाकटी सून दवाखान्यातून थेट खाणीवर आली, अंगावर नवऱ्याचं रक्त तसंच. पहार उचलली आणि थोरल्याच्या खांद्यात घातली. तो आडवा झाला.

"भाऊजी, आता डोकंच फोडते तुमचं!"

"आई, आवर हिला!"

"ती थांबेल. तू ऊठ. उरलेल्या रांगा तपास, आणि लिही."

तो रक्त पुसत उठला. चौथी रांग, शून्य. पाचवी, शून्य. सहावीपाशी वाकला तो वाकलेलाच राहिला. खडू हातातून पडला. उचलून त्यानं लिहिलं: २.

त्याच रांगेला दुपारी ड्रिल लागणार होतं.

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "डोकं नको. त्याला दोन पोरं आहेत."

पहार त्याच्या खडूच्या हातावर आली. हाड मोडल्याचा आवाज मला लांबून ऐकू आला.

लोक म्हणतात, आई आहे की कैदाशीण? म्हणोत बापडे. खाणीत उतरायला त्यांच्या घरचं कोणी नाही.

थोरला आता डाव्या हातानं लिहितो. शून्य वाकडंतिकडं येतं, चेपलेल्या अंड्यासारखं, पण प्रत्येक रांगेवर असतं. धाकटी सून ते बोट लावून बघते, मगच ड्रिल उचलते. ड्रिल आता तीच चालवते.