नखाची घडी

"चमच्याखालीही बघा. तिथे डबलबेडची चादर सहज मावते."

घडीमावशींनी डब्याचं झाकण काढून दारावरच्या रखवालदारणीसमोर धरलं. रुमाल, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली असं पिशवीतलं सगळं आधीच टेबलावर मांडून झालं होतं. मागे घरी निघालेल्यांची रांग होती. त्या रांगेत सहा नंबर वॉर्डातली सिस्टर, म्हणजे मावशींची मुलगी, खाली मान घालून उभी होती. तिच्या मागे मी होतो आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात आम्ही दोघं एकोणीस वर्षं आहोत. मी गरम रुळाच्या यंत्रावर, म्हणजे इस्त्रीवर, आणि त्या घड्यांच्या टेबलावर. मध्ये सहा पावलांचं अंतर. नऊ वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चादर करपली. मावशींनी साहेबांना जाऊन चार करपल्या म्हणून सांगितलं. साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद. कामापुरतं बोलावंच लागतं, पण तेही एकमेकांशी नाही. मावशी धुलाईच्या यंत्राकडे बघून म्हणायच्या, "कुणाला तरी सांगा, कडा ओल्या राहताहेत." मी छताकडे बघून म्हणायचो, "कुणाला घाई असेल तर स्वतः वाळवा." यंत्र आणि छत दोघंही बिचारी ऐकून घेत.

त्यांची घडी मात्र देखणी, हे दुष्मनी असूनही सांगतो. कडेला कड लावायच्या आणि मधल्या दुमडीवरून अंगठ्याचं नख दाबून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायच्या. ती रेघ वॉर्डात खाट लावतानाही दिसायची. सिस्टरने रेघ खाटेच्या मधोमध ठेवली की आजारी माणसाला एकदाच कुशीवर वळवून चादर बदलता येते. "दोनदा वळवायचं म्हणजे दोनदा कण्हायला लावायचं," असं मावशी म्हणायच्या. यंत्रालाच म्हणायच्या, पण मला ऐकू यायचं.

सहा महिन्यांपूर्वी एका कंपनीकडून पट्टीवाल्या मॅडम आल्या. त्यांच्या हातात आमचीच एक चादर होती, शिवणीच्या मधोमध बोटभर लांबीची करडी पट्टी छापलेली.

"यात चिप नाही, बॅटरी नाही. नुसत्या रेघा आहेत, पण शाईत चांदी आहे," मॅडम समजावू लागल्या. "दाराला ही चौकट बसवली की ती रेडिओ लहरी सोडते. लहरी या रेघांवर आपटून परत येतात. प्रत्येक चादरीच्या रेघा वेगळ्या, म्हणून परत येणारी लहर वेगळी. त्यावरून चौकट चादर ओळखते. चिप घातली असती तर महाग पडली असती. ही इतकी स्वस्त आहे की औषधाच्या खोक्यावर, रक्ताच्या पिशवीवर, कशावरही छापा."

"धुण्यात टिकेल?" साहेबांनी विचारलं.

"शंभर धुण्यांची चाचणी केलीय."

घडीचं कुणी विचारलं नाही. साहेबांना तर आकाश ठेंगणं झालं होतं. चादरी हाताने मोजणं बंद केलं, जुन्या वह्या रद्दीत घातल्या आणि चौकटीवरच्या आकड्याकडे ते कौतुकाने बघत बसायला लागले.

चार महिन्यांनी तोच आकडा कमी भरायला लागला. बासष्ट चादरी धुलाईत आल्या, पण बाहेर गेल्याच नाहीत, असं कॉम्प्युटर म्हणाला. सगळ्या सकाळच्या पाळीतल्या. सकाळच्या पाळीला घडीच्या टेबलावर एकच बाई. पाचशे खाटांच्या हॉस्पिटलात बासष्ट चादरी शोधत कोण फिरणार? साहेब म्हणाले, "कॉम्प्युटरचं कुणाशी वैर नसतं." त्या दिवसापासून मावशींची झडती सुरू झाली. शुक्रवारी चौकशी ठेवली. सव्वा वर्षावर निवृत्ती आलेल्या बाईला चोर म्हणून हाकलायचं, हे जवळजवळ ठरलंच होतं.

झडतीच्या दुसऱ्या दिवशी भरलेल्या गाड्याचं चाक चौकटीत अडकलं. हमाल कुठे दिसेना, म्हणून मीच ओढायला गेलो. गाड्यावर मावशींच्या वीस चादरी होत्या. गाडा पार झाला आणि वर आकडा उमटला, तेरा. मी गाडा मागे घेतला, पुन्हा ओढला. पुन्हा तेरा. मग कपाटातून दुपारच्या पाळीच्या, म्हणजे दुसऱ्या वॉर्डांच्या, वीस चादरी आणून चौकटीतून नेल्या. वीस. मावशींची एक चादर उलगडून खिडकीत धरली. मधली दुमड नेमकी पट्टीवरून गेली होती. रोज नखाने दाबून दाबून तिथल्या करड्या रेघा केसाएवढ्या भेगांनी तुटल्या होत्या. चादरी कुठेही गेल्या नव्हत्या. चौकटीला दिसेनाशा झाल्या होत्या, एवढंच.

मी चादर घडी करून जागेवर ठेवली आणि रुळावर जाऊन उभा राहिलो. कुणाला काही बोललो नाही.

घरी बायकोला सांगितलं. वाटलं, हसेल.

"म्हणजे त्यांनी चोरी केली नाही, हे तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

"हो."

"साहेबांना सांगितलंत?"

"मी का सांगू? माझ्या वेळी त्यांनी चार सांगितल्या होत्या."

"मग घास कसा उतरतोय तुमच्या घशाखाली?"

उतरत होता. दुसऱ्या दिवसापासून बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं. ताट आदळायची आणि आत जायची. आता माझ्याशी न बोलणाऱ्या बायका दोन झाल्या. पण मी हटलो नाही. चार दिवस रोज रांगेत उभा राहून त्या बाईला डबा उघडताना पाहिलं. त्या एकदा मागे वळून माझ्याकडे बघायच्या आणि मी चपलांकडे बघायचो.

शुक्रवारी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं. साहेबांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"मामा, इथे सही करा. मावशींना बोचकं घेऊन जाताना पाहिलं, एवढंच लिहिलंय."

"मी नाही पाहिलं."

"अहो, तुमचं यांच्याशी नऊ वर्षं वाकडं आहे. मला वाटलं, आनंदाने कराल."

माझ्या कानशिलात कुणीतरी लगावल्यासारखं झालं. या माणसाने मला अगदी बरोबर ओळखलं होतं. चार दिवस मी त्याच्या मनातल्यासारखाच वागलो होतो. मला स्वतःची किळस आली.

"वाकडं आहेच, साहेब," मी म्हणालो. "अजूनही आहे. चला बाहेर."

मी मावशींचा गाडा चौकटीतून ओढला. मोजून वीस चादरी, आकडा बारा. साहेब म्हणाले, चौकट बिघडली असेल. मी दुपारच्या पाळीच्या वीस ओढल्या, आकडा वीस. मग मॅडमना बोलावणं गेलं. त्यांनी भिंग लावून पट्टी पाहिली, पुन्हा पाहिली आणि चष्मा पुसला. "इतकी कडक घडी कुणी घालत असेल, असं आम्ही धरलंच नव्हतं," त्या पुटपुटल्या. दोन दिवस सगळे वॉर्ड पालथे घातले. साठ चादरी खाटांवर निघाल्या. दोन फाटून फरशी पुसायला गेल्या होत्या.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "मावशी, उद्यापासून घडी बंद. चादरी नुसत्या गुंडाळून ठेवायच्या."

"आणि माफी?"

"कॉम्प्युटर चुकला, त्याला मी काय करणार?"

"माझा डबा कॉम्प्युटरने उघडला नव्हता," मावशी म्हणाल्या. साहेब फोन आल्याचं निमित्त करून निघून गेले.

मावशी माझ्याकडे वळल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या यंत्राकडे न बघता बोलल्या.

"चार दिवस कुठे होतात?"

मी सवयीने वर बघितलं.

"छताला नाही विचारत, तुम्हाला विचारतेय. त्या दिवशी गाडा दोनदा ओढलात, खिडकीत चादर धरून बघितलीत. मी कपाटामागेच होते. तुम्ही गेल्यावर मीही बघितली."

"मग तुम्हीच का नाही सांगितलंत?"

"माझं कोण ऐकणार होतं? चोर सबबी सांगतोय म्हणाले असते. तुमचं ऐकलं असतं. तुमचं माझ्याशी पटत नाही, हे अख्ख्या हॉस्पिटलला माहीत आहे. म्हणून वाट बघत होते. रोज बघत होते, आज तरी बोलाल. माझी पोरगी मागे उभी असायची हो."

 मला सुचलं ते असलं.

"करपलेली चादर एकच होती," मी म्हणालो.

मावशींनी एकदा यंत्राकडे बघितलं.

"एकच होती. रागात चार बोलून गेले. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन खरं सांगून आले होते. तुम्हाला सांगायची लाज वाटली."

एवढं बोलून त्या टेबलाकडे गेल्या. मीही रुळाकडे गेलो. मला वाटलं, आता तरी काहीतरी बदलेल. काही बदललं नाही. माझे चार दिवस त्यांनी विसरावेत, असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

झडतीही बंद झाली नाही. आता सगळ्यांची होते, माझाही डबा उघडतात. चादरी बोळ्यासारख्या गुंडाळून वॉर्डात जातात. पेशंटला दोनदा वळवावं लागतं, म्हणून सिस्टर लोक कुरकुरतात. चौकटीवर आकडा बरोबर येतो आणि साहेब खूश आहेत.

मावशींनी गुंडाळण्याचं काम दुसऱ्या बाईला देऊन स्वतः मागचं टेबल मागून घेतलं. मागच्या कपाटात मेलेल्या माणसांवर घालायच्या चादरी असतात. त्या चादरींवर पट्टी छापत नाहीत. त्या परत येत नाहीत, मग ओळखायच्या कशाला, असा हिशोब. ते काम आजवर कुणी मागून घेतलं नव्हतं.

त्या चादरींची इस्त्री मीच करतो. कडा ओल्या राहू देत नाही. काल दहा चादरी रुळातून काढून मागच्या टेबलावर ठेवल्या. मावशींनी वर पाहिलं नाही. मी दोन पावलं मागे जाऊन उभा राहिलो. ज्यांना आता एकदाही वळवायचं नाही, त्यांच्यासाठी त्यांनी पहिली चादर उलगडली, कडेला कड लावली, आणि मधोमध अंगठ्याचं नख दाबून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेलं.