दोन इंच खाली

विनायकच्या पायांतली शक्ती जात चालली तेव्हा त्यानं बायकोकडं एकच गोष्ट मागितली. चोर्ला घाट आणखी एकदा मोटारसायकलवरून चढायचा. "कारमधून नको," तो म्हणाला. "आजाऱ्याला नेल्यासारखं वाटतं."

अठरा वर्षं दर मे महिन्यात ती दोघं गोव्यातल्या सर्वणहून त्याच घाटानं बेळगावला, उषाच्या माहेरी जात. खाणीवर फिटर असताना त्यानं लांबच्या प्रवासाची ती उंच, जड गाडी हौसेनं घेतली होती. खाणी बंद पडल्या त्याच्या तिसऱ्या वर्षी मणक्याचा आजार निघाला. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, अजून पाच-सहा महिने बसता येईल, पुढचं सांगवत नाही.

उषा स्कूटर चालवायची. त्याच्यासाठी ती ही गाडीही शिकली, पण तिच्यावर तिचे नुसते अंगठे जमिनीला लागत. मागं तोल न सावरणारा माणूस घेऊन तशी थांबली असती तर दोघंही पडली असती. म्हणून ती डिचोलीला बाबलीच्या गॅरेजात गेली. बाबली विनायकचा खाणीवरचा सोबती. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"खाली करूक येता, वहिनी. मागच्या सस्पेन्शनची पट्टी लांब घालूया, फुडच्या चाकाचे फोर्क वर सरकवूया. दोन इंच उतरात. पण ही गाडी उंच आसा ती उगाच न्हय. खड्डो गिळूक तिका जागा लागता. तीच आपण काढून घेतलंव तर?"

"माझे पाय टेकतील ना?"

"टेकतले."

"मग कर."

बाबलीनं संध्याकाळपर्यंत काम संपवलं. स्टँडही थोडं कापलं, नाहीतर गाडी पलीकडं कलंडली असती. उषा एकटीच शेजारच्या मये गावापर्यंत जाऊन आली. थांबली की दोन्ही टाचा जमिनीला लागत. कितीतरी महिन्यांनी ती घरी हसत आली.

रविवारी सकाळी तिनं विनायकला मागं बसवलं आणि जुन्या लुगड्यानं त्याची कंबर स्वतःच्या कमरेला बांधली. गावाबाहेरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला गाडी पार तळाशी जाऊन आदळली. विनायकचं कपाळ तिच्या पाठीवर आपटलं.

"लागलं?"

"चल तू."

सांखळीच्या अलीकडं तिनं बाबलीला फोन केला. तो पान्हे घेऊन आला, मागची स्प्रिंग घट्ट आवळली. आता गाडी तळाला आदळेना, पण रस्त्यावरचा खडान् खडा सीटमधून वर येऊ लागला. "याच्या पलीकडं माझ्या हातात काय नाय," बाबली म्हणाला. विनायक स्वतः फिटर. त्याला ते सांगावं लागलं नाही.

केरीला घाट समोर दिसू लागला. तेवढ्यात विनायकची तिच्या खांद्यावरची बोटं रुतली.

"उषा, थांबव."

तिनं दोन्ही पाय रोवून गाडी सावरली, लुगडं सोडलं, त्याला एका पारावर बसवलं. त्याचा शर्ट घामानं भिजला होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"गाडी परत उंच केली तर?" तिनं विचारलं.

"मग तुझे पाय पोचत नाहीत."

उषा रस्त्यावर जाऊन हात करू लागली. एका टेंपोवाल्यानं त्याला मागं गादीवर आडवा घातला. उषा टेंपोमागून गाडी चालवत घरी आली.

त्यानंतर तो गाडीवर बसला नाही. महिन्याभरात खुर्चीतही बसेना. एक दिवस म्हणाला, "तू तरी जाऊन ये. कसा आहे घाट ते सांग."

ती गेली. एकटीच होती, तरी प्रत्येक वळणावर गाडी कलली की खाली आलेली फुटरेस्ट रस्त्याला घासून किंचाळायची. वर पोचून ती पाच मिनिटं उभी राहिली. धुक्यानं काही दिसत नव्हतं. विनायकनं इथं यावं म्हणून ती गाडी चालवायला शिकली होती, आणि तो खाली सर्वणला छताकडं बघत पडला होता. ती परतली.

"कसा होता?" त्यानं विचारलं.

"छान. हिरवागार."

"वळणावर घासली?"

इथंही खोटं बोलायचं उषानं ठरवलं होतं, पण जमलं नाही. "घासली."

"घासणारच," विनायक म्हणाला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.