फिकट गुलाबी
टेबलावर तीन गुणपत्रकं होती, दोन पेनं, पाण्याची एक बाटली, रंगांचा एक तक्ता आणि सहा परीक्षानळ्या, त्यांतली एक तडा गेलेली. तिसरं पेन पहिला उमेदवार सही करून खिशात घालून गेला होता. त्यामुळे मुलाखत मंडळातली सगळ्यात तरुण, जिला ऑफिसात 'रसायनवाली' म्हणत, ती साहेबांचं लिहून होण्याची वाट बघत होती. साहेब सावकाश लिहीत होते.

"चौथ्याला किती देताय?"

"एक."

"एकच? बोलला किती छान!"

"साहेब, पिण्याच्या पाण्यात क्लोरीन किती हवं असं विचारलं, तर तो म्हणाला, ते टीमवर्कवर अवलंबून आहे."

आस्थापना विभागाच्या मॅडमना हसू फुटलं. त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

शहराचं पाणी तपासणाऱ्या या प्रयोगशाळेत सहायक हवा होता. आधीचा सोडून गेल्यापासून नमुने आणण्यापासून काचा धुण्यापर्यंत सगळं ती एकटीच ओढत होती. धाकट्या बहिणीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. आई नव्हती, "मी आहे ना," असं हिनेच सांगून ठेवलं होतं. रजेच्या अर्जावर मात्र साहेबांचा शेरा होता: सहायक मिळाल्यास मंजूर. तिघांनी दहापैकी दिलेल्या गुणांची सरासरी सहाच्या खाली गेली की उमेदवार बाद, आणि सगळेच बाद झाले की नवी जाहिरात, पुन्हा दोन महिने.

साहेब प्रत्येकाला त्याचा सगळ्यात मोठा दुर्गुण विचारत होते. प्रत्येक जण सांगत होता की आपण फार काम करतो. साहेब दर वेळी नव्याने खूश होत होते. ती टेबलाखाली पायाची बोटं आवळत होती.

आधीचे चौघेही सहाच्या खालीच गेले होते. पाचवा, शेवटचा, आत आला. त्याला क्लोरीनचं प्रमाण माहीत होतं. शेवटच्या नळाचाच नमुना का घ्यायचा, हेही त्याने न अडखळता सांगितलं. ती दिवसभरात पहिल्यांदाच पुढे सरकून बसली. फोनवर बहिणीचा मेसेज चमकला: तायडे, तिकीट काढलंस का गं? तिने फोन पालथा ठेवला, पण चेहरा सैल झाला होता.

"आता हा नमुना तपासून दाखवा."

पाणी तिने सकाळीच भरून आणलं होतं. बाटली जुनीच होती, गेल्या आठवड्याचं लेबल अजून तिच्यावर होतं: क्लोरीन ०.५. काचा धुवायला माणूस नव्हता, तिथे लेबलं कोण खरवडणार?

पाचव्याने नळी दोनदा विसळली, खुणेपर्यंत भरली, गोळी टाकून हलवली. हात चांगला होता. पाणी फिकट गुलाबी झालं. त्याने नळी तक्त्याला लावली. नळी ०.२ च्या चौकटीपाशी थांबली. मग त्याची नजर बाटलीवर गेली, आणि नळी गडद चौकटीकडे सरकली.

"शून्य पॉइंट पाच."

साहेबांनी लेबल वाचलं. "वा! तंतोतंत!"

तिने बाटली उचलून मांडीवर घेतली. "पुन्हा एकदा बघता? घाई नाही."

त्याने नळीकडे बघितलंच नाही. "पाचच आहे, मॅडम. खात्रीने."

तो बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "लेबल जुनं आहे, साहेब. पाण्यात शून्य पॉइंट दोनच आहे."

"मग त्या बिचाऱ्याचा काय दोष? लेबल तर तुम्हीच ठेवलंत."

"त्याला दोन दिसले होते."

"मला तर दोन्ही गुलाबीच दिसतात."

"मला पडद्यांच्या दुकानातसुद्धा छटा कळत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "अगं, शिकेल तो. दोन दिवस बस त्याच्या शेजारी आणि नीघ. ती पोर तिकडे अवघडलीये आणि तू इथे नळ्या निरखत बसलीयेस!"

"नळी भरायला शिकवता येतं, मॅडम. ते तर त्याला येतंच."

"मग अडलंय कुठे?"

"मी नसताना रोजचा आकडा हाच माणूस लिहिणार आहे."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि आठ लिहिले. मॅडमनी सात. पेन तिच्याकडे आलं.

"हे बघा, तीन दिलेत तरी तो पास होतो," साहेब समजुतीने म्हणाले. "नसेल आवडला, तर तीन द्या. माझं काही म्हणणं नाही."

पालथा फोन टेबलावर थरथरला. तिने तो सुलटा केला नाही. नळी खिडकीच्या उजेडात धरून एकदा बघितली, स्टँडमध्ये ठेवली आणि आकडा लिहिला.

साहेबांनी पत्रक ओढून घेतलं, बेरीज केली, भागाकार केला. मग पुन्हा केला.

आठ, सात, दोन. सरासरी पाच पूर्णांक सदुसष्ट शतांश.