बिनडंखाच्या माशीचा मध

म्हसावदचा नवल पाटील डोळे गेल्यापासून फार लांबचं पाहतो, असं त्याची बायको भिकुबाई टोचून म्हणायची. खोटं नव्हतं. ओसरीवर बसल्या बसल्या त्याला तरुणपणचं तोरणमाळ दिसायचं. उन्हाळ्यात गुरं घेऊन तो वर डोंगरात जायचा, तिथंच त्याला गोवाल भेटला होता.

माश्या ओळखायला गोवालनंच शिकवलं. कड्याला लोंबतं ते आग्या मोहोळ, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. झाडाच्या ढोलीत राहते ती सातेरी. झुडपात तळहाताएवढं पोळं बांधते ती फुलोरी. आणि चौथी चिलटाएवढी, काळी, जिला डंखच नाही. "हात घाल," गोवाल म्हणाला होता, "चावनी नही ते आपली." ढोलीत हात घालताना नवलची पाचावर धारण बसली होती, आणि गोवाल हसून हसून पालापाचोळ्यात लोळला होता. ते हसू म्हाताऱ्या नवलला अजून ऐकू यायचं. गेले ते दिवस, अन् काय दिवस होते!

त्या माशीचा आंबूस मध डोळ्यांचं औषध. त्याला एक नेम होता. मध काढणाऱ्यानं तो आधी दोस्ताच्या डोळ्यात घालायचा. दोस्त बरा होईतो स्वतःच्या डोळ्याला लावायचा नाही, नाहीतर माश्या ढोली सोडून जातात. दरसाल होळी झाली की गोवाल बांबूच्या नळकांड्यात मध घेऊन खाली उतरायचा. नवलच्या डोळ्यात मोतीबिंदू आला, तरी मध चालूच. डोळ्यात घातला की अशी आग व्हायची की विचारू नका. जितकी आग तितका गुण, अशी दोघांची समजूत.

"मध टाकीसन मोतीबिंदू जाता, ते डाक्टर कसाले लागता?" भिकुबाई कावायची. नवल तरी मध घालून घ्यायचाच. डॉक्टरकडे जायचं म्हणजे गोवालच्या मधाला नावं ठेवायची, ते त्याच्याच्यानं होत नव्हतं. शेवटी त्याला नुसता दिवस-रात्रीचा फरक तेवढा कळू लागला.

त्या साली शहाद्याच्या धर्मशाळेत डोळ्यांचे डॉक्टर आले, आणि गोवालच म्हणाला, "मन्हा मध ऱ्हाऊ दे भाऊ. चाल."

भिकुबाई गाडीतलं गाठोडं उतरवत होती, तोवर गोवालनं नवलचा हात धरला आणि निघाला. दहा पावलांवर दोघंही एकाच गटारात.

"तुन्हं ध्यान कोठे शे?" नवल खेकसला. गोवाल नुसता हसला.

डॉक्टरांना किड्यामाश्यांचा भारी नाद. गोवालजवळच्या नळकांड्याचा वास घेऊन ते खुलले. म्हणाले, ही माशी जातीनंच निराळी, शास्त्रज्ञांनी तिची शाखाच वेगळी मांडलीय. "पण पाटील, मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या आतलं भिंगच गढूळ झालंय. ते काढावंच लागेल."

भिंग काढलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. गोवाल खाली बसून डोंगरातल्या जुन्या गोष्टी सांगायचा, आणि नवलला पुन्हा त्याच्या झोपडीत निजल्यासारखं वाटायचं.

पट्टी सुटली. डॉक्टरांनी डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा चढवला. आधी खिडकीचा उजेड दिसला, मग गोवाल. केस पांढरे, तोंडभर सुरकुत्या, हसू मात्र तेच. मग त्याची नजर गोवालच्या डोळ्यांवर गेली. दोन्ही बाहुल्या ताकासारख्या पांढऱ्या होत्या.

"गोवाल, तुले दिसस का?"

"सावली दिसस."

"मंग तू मध कसा काढा?"

"हात घाला मी. चावनी नही ते आपली."

"अन् तुन्हा डोयामा कसाले टाका नही?"

"तू कोठे बरा व्हयना व्हता?"

"आधी पाटलांचं ऑपरेशन होऊ द्या, म्हणून हे अडून बसले होते," डॉक्टर म्हणाले.

"सांगू नको म्हनीसन माले शपथ घाली व्हती त्यानी," भिकुबाईनं पदर डोळ्याला लावला.

नवलला रडू आवरेना. डॉक्टर ओरडले, डोळा ओला करू नका. त्यानं बाहीनं गाल पुसले, उठला आणि गोवालचा हात धरून त्याला डॉक्टरांच्या खोलीकडे नेऊ लागला.

"सांभाळ भाऊ," तो म्हणाला, "पुढे पायरी शे. पाय उचल."