तिसऱ्या शेडची फाइल

दुपारी दोन वाजून अकरा मिनिटांनी नवापूरजवळच्या, कोंबड्यांच्या तिसऱ्या शेडमधले पंखे थांबले. दोन बाराला राखणदार पितांबरने ते हाताने चालू केले. नंदुरबारच्या भाड्याच्या खोलीत बसलेल्या रिनाला दोन चौदाला फाइल मिळाली. पंखे चालवणारा तिचा प्रोग्रॅम कोसळताना मेमरीत जे होतं, ते सगळं तीत होतं.

गेल्या आठवड्यात पंखे असेच थांबले तेव्हा पितांबर नुकताच खाद्य आणायला बाहेर पडला होता. तीनशे चाळीस कोंबड्या गुदमरून मेल्या. तो प्रोग्रॅम डीबग माहितीशिवाय, म्हणजे बिघाड कुठे झाला ते सांगणाऱ्या खुणांशिवाय, बांधलेला होता, त्यामुळे हाती नुसते आकडे आले. मग रिनाने त्या माहितीची पहिली पातळी घालून तो पुन्हा बांधला. त्या पातळीने प्रोग्रॅमची ओळ दाखवली, चारशे अठरा, फोन लावण्याच्या कामाची. त्या क्षणी तिथे काय होतं, ते पहिली पातळी सांगत नाही. दुसरी सांगते, पण तिने प्रोग्रॅमची फाइल नऊपट मोठी होते आणि शेडमध्ये नेटवर्क धड नसतं. म्हणून सोमवारी रिना रेल्वेने नवापूरला गेली, पेनड्राइव्हने दुसऱ्या पातळीची आवृत्ती बसवली आणि पुन्हा बिघाड होण्याची वाट बघत परतली.

"ताई, तुन्हं यंत्र मन्हापेक्षा आळशी शे," पितांबर तेव्हा म्हणाला होता. "दुपारनी झोप येस त्याले."

त्या आठवड्यात तिच्याशी समोरासमोर बोललेला तो एकटाच माणूस. घरची पावरी बोली तिच्या तोंडून रविवारी निघायची, आईच्या फोनवर.

तिने फाइल उघडली. चारशे अठराव्या ओळीवर धोक्याच्या वेळी फोन लावायच्या नंबरांची यादी होती. पहिला मालकाचा, ललितभाईंचा. दुसरा तिचा. तिसरा तिने टाकलाच नव्हता. पुढे शून्य शून्य एक्याण्णव लावलेला, चौदा आकडी. जागा बाराचीच होती. उरलेले दोन आकडे शेजारच्या जागेत सांडले होते; असं सांडलं की प्रोग्रॅम कधी चालतो, कधी कोसळतो. तापमान ठीक होतं. कोणीतरी त्या नंबरासमोरचं चाचणीचं बटण दाबलं होतं.

तिने पितांबरला फोन लावला.

"काका, तिसरा नंबर कोणाचा?"



"मन्हा पोऱ्याना. सुरतले शे."

"मग तुमच्या फोनवरून लावा ना."

"मन्हा नंबर दिसना की उचलत नही. शेडना उचलस."

"पण त्याला मशीनचाच आवाज ऐकू जातो, 'तापमान वाढले' म्हणून. तुम्हाला तर काहीच येत नाही."

"नही येत. पण पडदावर दिसस ना, 'उचलला'. दोनले जेवणनी सुट्टी ऱ्हास त्याले." मग त्याने विचारलं, "त्यामुळे बंद पडस का पंखा?"

रिनाने हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली.

"लांबी प्रोग्रॅमने तपासायला हवी होती. तो मी लिहिलाय. मी तपासली नाही."

"ललितभाईले सांगशी का?"

"नवी आवृत्ती येईपर्यंत बटण दाबू नका, काका," ती म्हणाली.

चारच्या सुमारास नवी आवृत्ती तयार झाली. नंबरासाठी वीस आकड्यांची जागा, लांबीची तपासणी. पातळीच्या रकान्यात दोन होता. तिने तो खोडून एक लिहिला; पुढच्या फाइलीत नंबर दिसणार नव्हते. तिसरा नंबर यादीतून काढणं तिच्या हातात होतं. तो तिने तसाच राहू दिला. मग ललितभाईंना कळवलं: नंबराची लांबी तपासली जात नव्हती, चूक आमची, दुरुस्त केली आहे.

पाच मिनिटांत उत्तर आलं.

"तुझा नि माझा नंबर तर दहा-दहा आकड्यांचा. मग लांब नंबर टाकला कोणी? शेडमध्ये कोणी बोटं घातली? ती फाइल मला पाठव, सुरतला माझा माणूस आहे, तो वाचेल. ज्याने केलं त्याला आजच हाकलतो."

रिनाने संदेशाला फाइल जोडली. मग उठून खिडकी उघडली, पुन्हा येऊन बसली. ललितभाईंचे दोन फोन येऊन गेले.

साडेसहा वाजले तरी तिने 'पाठवा' दाबलं नव्हतं.